सेंट अँड्र्यूजचे गायरान

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ प्रांतात, ईडन नदीचे मुख आणि वेस्ट सँड्स नावाची लांबलचक पुळण यांच्या बेचक्यात जो वालुकामय, उंचसखल आणि खुरट्या गवताने आच्छादलेला भूभाग पसरलेला आहे, त्याच्या प्रथमदर्शनाने परदेशी प्रवाशाची बहुधा निराशाच होते. वृक्षाची छाया तेथे नाही, जलाशयाची शोभा नाही, उद्यानरचनेचा डौल नाही. उत्तर समुद्रावरून येणारा खारा वारा मात्र बारमाही आहे. तरीही या पट्ट्यावर आयुष्यात एकदा तरी गोल्फ खेळावयास मिळावे म्हणून अमेरिकेपासून जपानपर्यंतचे लोक येथे येतात, हॉटेलात मुक्काम ठोकतात, रोजच्या सोडतीत आपले नाव घालतात, आणि नाव न निघाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतात; आणि जगातील निम्म्या समुद्रकिनाऱ्यांवरील श्रीमंती विश्रामस्थाने आपली क्रीडांगणे याच धर्तीची असल्याची जाहिरात मोठ्या अभिमानाने करतात. सेंट अँड्र्यूजच्या या आकर्षणाचा उलगडा सृष्टिसौंदर्यात शोधण्यापेक्षा नगरपालिकेच्या जुन्या दफ्तरात शोधावा, असे माझे मत आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. हिमयुग सरून बर्फाचा भार उतरला तशी स्कॉटलंडची किनारपट्टी हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला, आणि उघड्या पडलेल्या वाळूचे वाऱ्याने ढिगारे रचले. आपल्या कोकणात पुळण संपते आणि माडांची आगरे सुरू होतात, त्यांच्या मधल्या जागेत मर्यादवेल जशी वाळू धरून ठेवते, तसे काम तिकडे मॅरम नावाच्या ताठ गवताने केले. त्याच्या आश्रयाने बारीक, चिवट गवते रुजली, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे वाढली, आणि शेती व समुद्र यांच्या मध्ये दोहोंचीही नव्हे अशी एक पट्टी तयार झाली. तिलाच तिकडे लिंक्स म्हणतात. नांगराला ती निरुपयोगी. गुरांना जेमतेम पुरणारी. परंतु पावसाचे पाणी वाळूतून तत्काळ झिरपून जात असल्यामुळे ऐन हिवाळ्यातही पाय न रुतणारी. मेंढ्या आणि ससे गवत कुरतडून गुळगुळीत ठेवीत. वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी मेंढ्या जेथे अंग टेकीत तेथे हिरवळ फाटून वाळूचे खळगे पडत, आणि आज ज्यांना बंकर म्हणून खेळाडू भितात ते मूळचे हेच खळगे होत, असे तेथील परंपरा सांगते. तात्पर्य, क्रीडांगण म्हणून ही भूमी कोणी आखली नाही. तिचा दुसरा काही उपयोग होत नव्हता, म्हणून ती खेळाकडे आली.

आपल्याकडे गोल्फ म्हटले की जिमखाना, तारेचे कुंपण आणि दारावरचा चपराशी एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, कारण हा खेळ आपल्याकडे साहेबाच्या सामानातून आला. त्याच्या जन्मभूमीतील प्रकार अगदी उलट होता. सन १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने चेंडूफळीसारखे खेळ बंद करावेत आणि रयतेने तिरंदाजीचा सराव करावा असा हुकूम काढला, त्यात फुटबॉलच्या जोडीने गोल्फचे नाव आहे; आणि १४७१ व १४९१ मध्ये त्याच आशयाचे हुकूम पुन्हा काढावे लागले, यावरून पहिल्याचा अंमल कितपत झाला असेल हे उघड आहे. १५०२ मध्ये तर खुद्द चौथ्या जेम्स राजानेच पर्थ येथील धनुष्यकाराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद राजाच्या जमाखर्चात सापडते. मनाई करणाऱ्या सरकारचा मालकच खेळू लागल्यावर मनाईचे पुढे काय व्हावयाचे ते झाले.

परंतु खऱ्या महत्त्वाचा कागद १५५२ सालचा आहे. सेंट अँड्र्यूज हे त्या काळी स्कॉटलंडचे धर्मपीठ. प्रचंड कॅथेड्रल, पंधराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेले विद्यापीठ आणि या सर्वांवर आर्चबिशपचा अधिकार. तत्कालीन आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या किनारी माळावर ससे पाळावयाचे होते, कारण सशाचे मांस व कातडे हे तेव्हा उत्पन्नाचे साधन होते. नगराने त्यांना परवानगी दिली, आणि मोबदल्यात त्यांनी लेखी मान्य केले की या भूमीवर गोल्फ खेळण्याचा, फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजी करण्याचा आणि इतर सर्व खेळ खेळण्याचा नागरिकांचा हक्क पूर्ववत् कायम राहील. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आर्चबिशपने हा हक्क बहाल केला नाही. तो आधीपासून वहिवाटीत होता, त्यांनी केवळ कबूल केला. देणाऱ्याची मर्जी फिरली की इनाम खालसा होते, पण वहिवाट दात्यावर अवलंबून नसते. पुढे धर्मक्रांतीत कॅथेड्रलची नासधूस झाली, १५७१ मध्ये स्टर्लिंग येथे स्वतः हॅमिल्टन फासावर गेले. माळावरचा खेळ मात्र चालूच राहिला. त्याच माळावर कोळी जाळी वाळवीत, बायका स्विल्कन ओढ्यात कपडे धुऊन झुडपांवर पसरीत, गुरे चरत, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढीत चेंडू जाई.

पीठ गेल्यावर नगराला उतरती कळा लागली. सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठच पर्थला हलवावे अशी भाषा निघाली होती, आणि १७७३ मध्ये इंग्रज साहित्यिक डॉक्टर जॉन्सन येथे आले तेव्हा त्यांच्या दृष्टीस मुख्यतः भग्नावशेषच पडले. या अवनतीच्या काळातच, १७५४ च्या मे महिन्यात, आसमंतातील बावीस सरदार व सद्गृहस्थांनी वर्गणी काढून एक रुपेरी काठी बक्षिसादाखल ठेवली आणि गोल्फ मंडळ स्थापन केले. त्यालाच १८३४ मध्ये चौथ्या विल्यम राजाच्या आश्रयामुळे रॉयल अँड एन्शंट हे भारदस्त नाव मिळाले. अठरा होलांचा जगन्मान्य दंडकही याच मंडळाच्या एका घरगुती निर्णयातून निघाला. माळाच्या अरुंद पट्टीवर बारा होल होते. त्यांपैकी दहा जाताना आणि येताना असे दोनदा खेळले जात, म्हणून फेरी बावीसची होई. १७६४ मध्ये आरंभीचे चार आखूड वाटल्यामुळे त्यांचे दोन करण्यात आले, होल दहा उरले, त्यांतील आठ दोनदा खेळून बेरीज अठरा झाली. या संख्येमागे कोणतेही गणिती किंवा गूढ तत्त्व नाही.

आता सशांच्या कज्ज्याकडे वळतो, कारण या भूमीच्या इतिहासात इतका उद्बोधक प्रसंग दुसरा नाही. १७९७ मध्ये नगरपालिकेचे दिवाळे वाजण्याची वेळ आली, तेव्हा कर्जाच्या भाराखाली तिने हा माळच विकून टाकला. खेळाला बाध येऊ नये अशी अट खरेदीखतात होती. परंतु मिळकत हाती आली की अट कागदावर राहते, हा अनुभव स्कॉटलंडातही आपल्यापेक्षा निराळा नाही. दोनच वर्षांत जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेली, आणि त्यांनी तेथे मांस व कातड्यांसाठी सशांची पैदास आरंभली. आर्चबिशपचे ससे मर्यादेत होते. व्यापाऱ्यांचे ससे अमर्याद झाले. जिकडेतिकडे बिळे, उकरलेली वाळू आणि त्यांत नाहीसे होणारे चेंडू, अशी अवस्था होताच खेळाडूंनी वर्गणी जमवून फिर्याद गुदरली. एडिंबरोच्या न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने कौल दिला, इतका की सशांना मारण्याची मुभाही त्यांना मिळाली. मग काय, आबालवृद्ध माळावर उतरले आणि शिकार व न्याय ही दोन्ही कार्ये एकाच वेळी साधू लागले. प्रतिपक्ष लंडनच्या लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. तेथून १८१३ मध्ये प्रकरण फेरविचारार्थ परत आले. वकिलांचे भले झाले, माळाचे वाटोळे होत राहिले. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीचे जमीनदार जेम्स चीप यांनी, जे स्वतः गोल्फचे भोक्ते होते, जमीन विकत घेऊन सशांचे राज्य संपविले. खेळ वाचला, पण तो एका सज्जनाच्या मर्जीने वाचला, नगराच्या हक्काने नव्हे, ही उणीव उरलीच.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानचा संबंध या किनाऱ्याशी जडलेला दिसतो. १८४२ पासून १८६१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, नगराध्यक्ष असलेले सर ह्यू लायन प्लेफेअर हे कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यातील निवृत्त अधिकारी. त्यांनी लष्करी शिस्तीने रस्त्यांतील उकिरडे हलविले, फरसबंदी केली आणि या मोडक्या गावाला पाहुण्यांना दाखविण्याजोगे रूप दिले. मुंबईच्या गोल्फ मंडळाने पाठविलेले एक रौप्यपदकही रॉयल अँड एन्शंटच्या वासंतिक स्पर्धेत मुंबईच्याच नावाने दिले जाते. चेंडूची आख्यायिका तर याहून सुरस आहे. चामड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून केलेला जुना चेंडू इतक्या कष्टाचा आणि महाग असे की कुशल कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीनचारच उतरत. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, केलेला स्वस्त चेंडू आला आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजला आलेली विष्णूची एक मूर्ती या गटापर्चात बांधलेली होती आणि त्या वेष्टनापासूनच पहिला चेंडू वळला गेला, असे तेथे सांगतात. कथेच्या सत्यतेची हमी मी घेत नाही. परंतु क्षीरसागरात विसावणाऱ्या देवाने उत्तर समुद्राच्या काठी एवढे कार्य केले असल्यास आपली हरकत असण्याचे कारण नाही.

पिसांचा चेंडू करणारे अ‍ॅलन रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी टॉम मॉरिस यांचे याच नव्या चेंडूवरून फाटले. मॉरिस प्रेस्टविकला गेले आणि १८६० च्या दशकाच्या मध्यास परत येऊन चार दशकांच्या आसपास या भूमीचे रखवालदार राहिले. गवत सुधारण्यासाठी त्यावर वाळू टाकीत राहावे, हा त्यांचा मुख्य उपचार. रविवारी माणसाला नको असली तरी भूमीला विश्रांती हवी, हा त्यांचा शिरस्ता. मधल्या काळात, १८५२ मध्ये, आगगाडी थेट माळाच्या कडेला येऊन थांबली होती, आणि विश्रामस्थान म्हणून सेंट अँड्र्यूजचा इतिहास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो: मुंबईला जशी माथेरान, महाबळेश्वर, तशी ग्लासगो-एडिंबरोच्या वकील-व्यापाऱ्यांना ही हवापालटाची जागा झाली, आणि मागोमाग हॉटेले उठली.

पश्चिम किनाऱ्यावरील टर्नबेरी हे या बाबतीत चांगले तुलनास्थान आहे. तेथे १९०६ मध्ये रेल्वे कंपनीने लोहमार्ग, हॉटेल व खेळ यांचा एकत्र घाट घातला. पाहुणा फलाटावरून आच्छादित मार्गाने थेट हॉटेलात शिरे. दोन्ही महायुद्धांत तेथे विमानतळ झाला, दुसऱ्या युद्धात हिरवळीवर काँक्रीटच्या धावपट्ट्या पडल्या, त्या उखडून मैदान पुन्हा घडवावे लागले. पुढे मालक बदलत गेले आणि २०१४ मध्ये ते डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे आले. सागर, खडक आणि दीपगृह यांच्या शोभेत टर्नबेरी निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु तेथे जाणारा कोणाचा तरी गिऱ्हाईक म्हणून जातो.

सेंट अँड्र्यूजला ही गत आली नाही याचे कारण १८९४ चा पार्लमेंटाचा कायदा. त्याने चीप घराण्याच्या हातून निघालेला माळ पुन्हा नगराच्या मालकीचा केला, देखभालीचा भार रॉयल अँड एन्शंटवर टाकला आणि त्याच बोलीत दुसरे एक मैदान नव्याने तयार करून घेतले. ते १८९५ मध्ये उघडले व आजही न्यू कोर्स म्हणूनच ओळखले जाते. नगरवासीयांना पुढे कित्येक वर्षे खेळ निःशुल्क होता. १९७४ मध्ये, नगरपालिकाच इतिहासजमा होण्याच्या बेतात असताना, दुसऱ्या कायद्याने हा कारभार एका ट्रस्टकडे सोपविला. म्हणजे ज्या मंडळाची दगडी इमारत जगभरच्या छायाचित्रांत या मैदानाची धनीण म्हणून मिरवते, ते मंडळ कायद्याच्या दृष्टीने येथील मालक नाही. याच मंडळाने स्त्रियांना सभासदत्व देण्यास २०१४ साल उजाडू दिले, ही गोष्ट त्याच्या प्राचीनत्वाला साजेशी असली तरी भूषणावह नाही. स्त्रियांनी तोवर वाट पाहिली नव्हती, त्यांचा क्लब १८६७ पासून याच माळावर होता, आणि त्यांच्या उंचवट्यांच्या चिमुकल्या मैदानाला गाव हिमालय म्हणून ओळखते.

माळाच्या काठचे मोठे हॉटेल जुन्या रेल्वे-मालधक्क्याच्या जागेवर १९६८ मध्ये उघडले आणि १९६९ च्या जानेवारीत गाडीच बंद झाली; त्यामुळे आज पाहुण्याला ल्यूकर्स स्थानकावर उतरून मोटारीने यावे लागते. पहिल्या आणि अठराव्या होलांना छेदून समुद्राकडे जाणारा सार्वजनिक रस्ता मात्र अद्याप वाहता आहे, आणि विख्यातातला विख्यात खेळाडू देखील पादचारी पार होईपर्यंत थांबतो. वाचकांपैकी कोणास तिकडे जाण्याचा योग आला आणि सोडतीत नाव निघाले नाही, तर त्यांनी रविवारपर्यंत मुक्काम वाढवावा. मोठ्या स्पर्धेचा अपवाद वगळता त्या दिवशी जुने मैदान खेळासाठी बंद असते, गावकरी मुले व कुत्री घेऊन त्यावरून हिंडतात, आणि त्यांच्याबरोबर हिंडण्यास कोणाची परवानगी लागत नाही.