'आम्ही फक्त छापलं' म्हणून सुटका होते का?

१२ जानेवारीला राजमाता जिजाऊंना वंदन करायला बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला महाराष्ट्रभरातून बहुजन समाज लोटतो. याच जिजाऊंच्या चारित्र्यावर जेम्स लेन यांनी २००३ साली शिवाजी महाराजांवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात शिंतोडे उडवले. पुरावा कसला? काहीच नाही. महाराष्ट्रात लोक असा विनोद करतात, एवढ्यावर त्यांनी वेळ मारून नेली. ती कुजबुज आम्ही इथे पुन्हा लिहिणार नाही. का, तेच या लेखात सांगायचे आहे.

'मी म्हणत नाही, लोक म्हणतात' ही ढाल जुनी आहे. बदनामीचा कायदा ती मानत नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६) बदनामीकारक मजकूर रचणाऱ्याइतकेच तो प्रसिद्ध करणाऱ्यालाही धरते. मजकूर बदनामीकारक आहे हे माहीत असून छापणारा आणि विकणारा, दोघेही शिक्षेला पात्र ठरतात. मृत व्यक्तीची बदनामीही गुन्हा होऊ शकते, पण तिच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो.

ही साखळी आपल्या चळवळीनेही भोगली आहे. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' निघाले. त्यात टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती. पुण्यात बदनामीचा खटला उभा राहिला, तो एकट्या जवळकरांवर नव्हे. पुस्तक प्रसिद्ध करणारे केशवराव जेधे आणि बागडे वकील यांनाही आरोपी केले गेले. त्यांच्या बचावाला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. १९२६ मध्ये त्यांनी हा खटला जिंकला. ब्राह्मणेतर नेत्यांचा बचाव बाबासाहेबांनी कायद्याच्या मुद्द्यांवर केला, हे विसरू नये.

आता लेन प्रकरण पाहा. ५ जानेवारी २००४ ला पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. लेखक, प्रकाशक आणि मुद्रक यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. पण कोणता? बदनामीचा नव्हे, तर समाजात तेढ पसरवल्याचा, कलम १५३ आणि १५३अ खाली. शासनाने पुस्तकावर बंदी घातली. ५ एप्रिल २००७ ला सर्वोच्च न्यायालयाने तेढ पसरवण्याचा हेतू दिसत नाही म्हणून गुन्हा रद्द केला. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

काहींना हा जिजाऊंचा पराभव वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. निकालाने कुजबुज खरी ठरली नाही. ती इतिहासाच्या कसोटीवर आधीच खोटी आहे, कारण तिला एकही समकालीन आधार नाही. आणि बंदीचे हत्यार उद्या कोणावर फिरते? १९८७ साली शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' छापले, तेव्हा राम-कृष्णावरचे परिशिष्ट काढून टाका म्हणून केवढा गदारोळ झाला! ते परिशिष्ट वाचवायला आपली माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली. 'भावना दुखावल्या' हे कारण मान्य केले, तर पहिला बळी आपलेच साहित्य ठरेल.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. टिळक असोत, चिपळूणकर असोत की मनुस्मृती, त्यांच्या विचारांची चिरफाड हा आपला हक्क आहे. ती पुराव्याने करा. पण गावातल्या एखाद्या सरपंचाबद्दल, शिक्षिकेबद्दल किंवा विरोधी गटातल्या बाईबद्दल ऐकीव मजकूर हाती आला आणि आपण तो पुढे पाठवला, तर तो आपलाच झाला. 'मला कोणीतरी पाठवला होता' हे कोर्टात उत्तर होत नाही. तो खरा असला तरी फौजदारी खटल्यात तेवढे पुरत नाही. तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही सिद्ध करावे लागते.

शिवाय कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी बाईच्या चारित्र्यावर कुजबुजणे ही मनूची रीत आहे. जिजाऊंसाठी संतापणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आईबद्दलची कुजबुज पुढे ढकलू नये. ती आपल्या हातातच थांबली पाहिजे.

जय जिजाऊ! जय भीम!