पायलटला पदवी लागत नाही, मग आपली पोरं कुठे अडतात?

बारावीच्या निकालानंतर बीड, गेवराई, अंबाजोगाईकडची काही मुलं आम्हाला विचारतात, पायलट व्हायला पदवी लागते का? उत्तर सरळ आहे. लागत नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, डीजीसीए देते. त्यासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर दहावीसुद्धा चालत होती. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीनेही चार वर्षांच्या पदवीची सक्ती २०२२ मध्ये काढून टाकली.

पण "पदवीची गरज नाही" हे वाक्य कोण कोणाला ऐकवतो, हेही तपासलं पाहिजे.

या वाक्यासोबत हमखास जे.आर.डी. टाटांचं नाव येतं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात वैमानिक परवाना मिळवणारे ते पहिले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपाल घेऊन कराचीहून मुंबईला विमान आणलं. त्यांचं धाडस आम्ही नाकारत नाही. पण पदवी नसली तरी पाठीशी टाटांचं घराणं होतं. आणि तारीख पाहा. पुणे करारावर सही होऊन त्या दिवशी बरोबर तीन आठवडे झाले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालूच होता. एकाच देशात एकाला आकाश मोकळं होतं आणि दुसऱ्याला देवळाचं दार बंद होतं. अशा दोघांना "पदवी नको" हा एकच सल्ला कसा लागू पडेल?

आता दहा वर्षं पुढे या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन सरकारला दिलं. आपल्या चळवळीत ते फार कमी वाचलं जातं. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक अभ्यासिकेत चर्चेला घ्यावा असा आहे. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अनुसूचित जातींचं फार भलं होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, असं बाबासाहेब त्यात मांडतात. आपली मुलं कला-कायद्याकडे का जातात, याचं कारणही सांगतात. विज्ञानाचा खर्च पेलवत नाही म्हणून. बुद्धी कमी आहे म्हणून नव्हे! देशातल्या आणि परदेशातल्या शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे पैसा मागितला. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना काम शिकायला घ्या, अशी मागणीही केली. त्यातूनच वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

हे सगळं पायलटच्या प्रश्नाला जसंच्या तसं लागू होतं. सीपीएलचा खर्च आज ४०-५० लाखांच्या वर जातो. बीड शहरात रेल्वे यायलाच १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. बारामतीला विमान चालवायचं प्रशिक्षण मिळतं आणि त्याच पट्ट्यातल्या उसाच्या फडात बीडचे कोयते चालतात. आई-बाप उचल घेऊन सहा महिने फडावर असताना पोराने अकरावी सायन्स, प्रॅक्टिकल, शिकवणी कशी सांभाळायची? म्हणून तो आर्ट्स घेतो. तिथेच सीपीएलचं दार बंद होतं, आणि हे त्याला अकरावीत कोणी सांगतही नाही.

सरकारी योजनांचं गणितही विचित्र आहे. केंद्राच्या टॉप क्लास योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३.७२ लाखांची कमाल मर्यादा ठेवलेली. त्यात किती तास उडणार? राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहे. म्हणजे परवान्याला पदवी लागत नाही, पण शिष्यवृत्तीला लागते. गुजरात अनुसूचित जातीच्या मुलांना पायलट प्रशिक्षणासाठी ४ टक्के व्याजाने २५ लाखांचं कर्ज देतो. आपल्याकडे महाज्योतीने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण आणलं. चांगलं झालं. त्याच तोलाची, पूर्ण खर्चाची योजना अनुसूचित जातींसाठी हवी, आणि ती कर्ज नको.

मग पदवी घ्यावी की नाही? घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या कित्येक घरांत पदवीधर असा नव्हताच. ती पदवी आपल्याला सहज मिळालेली नाही. शिवाय परवाना मिळाला तरी नोकरी लगेच मिळेल असं नाही. टाटांना पडायची भीती नव्हती, आपल्याला आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून प्रशिक्षणासोबत पदवी होते.

ज्यांनी आर्ट्स-कॉमर्स घेतलंय, त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, भौतिकशास्त्र आणि गणित द्यावं. पैसा भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, नंतर नव्हे. आणि कार्यकर्त्यांनी या जूनमध्ये जयंतीच्या वर्गणीच्या वह्या बाजूला ठेवून दहावी झालेल्या पोरांच्या घरी जावं, अकरावीचा अर्ज भरायच्या आत.