शासकीय कंत्राटदारांवरील करआकारणी

शासकीय कंत्राटदारांवरील करआकारणी : शासकीय खाती, स्थानिक संस्था व वैधानिक महामंडळे यांची कामे ठराविक मोबदल्यात करून देणाऱ्या कंत्राटदारांवरील कर व त्यांच्या वसुलीची पद्धती. येथे मोबदला देणारे आणि कर घेणारे शासनच असल्याने वसुली सुलभ होते. मात्र कराचा भार अखेर कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

भारतात सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ मध्ये स्थापन झाले व १८६० मध्ये आयकर प्रथम लागू झाला. लोहमार्गांच्या कामांतून देशी कंत्राटदारांचा वर्ग पुढे आला. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीही बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून उद्योगास आरंभ केला. काम संपताच कंत्राटदार अन्यत्र जात असल्याने त्याचा नफा शोधण्यापेक्षा देयकातूनच कर कापणे सोयीचे होते. १९६१ च्या आयकर अधिनियमात १९७२ मध्ये घातलेल्या कलम १९४ सी ने ही तरतूद केली. कपातीचा दर कंत्राटदारासाठी २ टक्के व उपकंत्राटदारासाठी १ टक्का होता. ऑक्टोबर २००९ पासून व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांसाठी १ टक्का आणि इतरांसाठी २ टक्के असा दर झाला.

ही कपात नफ्यावर नसून देयकाच्या एकूण रकमेवर होते. एक लाखाच्या देयकातून दोन हजार रुपये कापले जात, काम तोट्यात गेले तरीही. ही रक्कम पुढे करात वळती होते किंवा परत मिळते. परंतु तोपर्यंत कंत्राटदाराचे खेळते भांडवल अडकून पडते. लहान कंत्राटदाराला करापेक्षा हा विलंबच अधिक जाचतो. सिमेंट व पोलाद खात्याकडूनच पुरविले जाई, त्या काळात त्यांची किंमत कंत्राटदाराच्या उत्पन्नात धरावी काय, असा वाद उद्भवला. नफ्याचा अंदाज करताना ती धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ब्रिजभूषण लाल प्रकरणी दिला.

विक्रीकराचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. बांधकामाचा करार अविभाज्य असल्याने त्यात मालाची विक्री होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गॅनन डंकर्ले प्रकरणी ठरविले. ही अडचण १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने दूर केली. महाराष्ट्रात १९८९ च्या अधिनियमानुसार व १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित करपद्धतीत कंत्राटांवर कर बसू लागला. श्रम व सेवा यांचे मूल्य मात्र १९९२ च्या निर्णयानुसार वगळावे लागे. त्यामुळे भिंतीत विटा किती व गवंड्याची मजुरी किती, याचा हिशेब करनिर्धारणाचा विषय झाला.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा भेद संपला. मोबदला कोण देतो, या प्रश्नाला मात्र महत्त्व आले. सोलापूर–पुणे मार्गावरील चिंचोळी औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी अंतर्गत रस्ते व पाणीपुरवठा ही औद्योगिक विकास महामंडळाची कामे असतात, तर क्षेत्राबाहेरील रस्ता बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा असू शकतो. शासकीय कामांना असलेला १२ टक्क्यांचा सवलतीचा दर शासकीय प्राधिकरणांच्या बाबतीत १ जानेवारी २०२२ रोजी, तर शासन व स्थानिक संस्थांच्या बाबतीत १८ जुलै २०२२ रोजी संपला. बहुतेक कामांवरील दर १८ टक्के झाला. महामंडळ हे या अर्थाने प्राधिकरण ठरते की नाही, हे त्याच्या रचनेवर व कार्यावर अवलंबून राहिले.

एक कोटी रुपये करपूर्व मूल्याच्या कामावर या बदलाने सहा लाखांचा फरक पडतो. निविदा करासहित असून करारात दरबदलाची तरतूद नसल्यास तो कंत्राटदाराच्या अंगावर येतो. तरतूद असल्यास खात्याला वाढीव अनुदान मागावे लागते, आणि ते मंजूर होईपर्यंत देयक थांबते. शिवाय ऑक्टोबर २०१८ पासून अडीच लाखांहून अधिक मूल्याच्या करारांवर याही कराची २ टक्के कपात शासकीय खाती व शासननियंत्रित वैधानिक प्राधिकरणे करू लागली. म्हणजे मोजमाप वहीत नोंदलेल्या एकाच कामाच्या देयकातून आयकर, वस्तू व सेवा कर आणि १९९६ च्या अधिनियमाने सुरू झालेला बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर अशा तीन वजावटी होतात. पहिल्या दोन कंत्राटदाराच्या खाती जमा धरल्या जातात. तिसरी परत मिळत नाही.