स्टॉकिंग : कलम ७८, जामीन आणि घरातले सगळे फोन

स्टॉकिंग म्हणजे फक्त रस्त्यावरचा पाठलाग नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये (१ जुलै २०२४ पासून लागू, आधी २०१३ साली आलेलं आयपीसी ३५४-ड) बाईच्या इंटरनेट वापरावर, ईमेलवर पुरुषाने पाळत ठेवणंही येतं. तिने स्पष्ट नकार दिल्यावर पुन्हा पुन्हा संपर्क साधणंही गुन्हाच. म्हणून नकार एकदा लिहून पाठवा, "मला तुझ्याशी संपर्क नको." नंतर कशालाच उत्तर नाही.

गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे नुसती एनसी घेऊन परत यायचं नाही, एफआयआर मागायचा. पण पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अजामीनपात्र कधी? एकदा दोषी ठरून पुन्हा केलं तर. दुसरी तक्रार पुरत नाही, आणि निकाल लागायला किती काळ जातो ते आपल्याला माहितीच आहे. माझ्या मावसबहिणीच्या केसमध्ये तो माणूस त्याच दिवशी सुटला. रात्री मावशीच्या फोनवर नव्या नंबरवरून 'गुड नाईट' आलं!

घरच्यांना आलेल्या धमक्या वेगळ्या, त्यांना कलम ३५१ लागतं. शांतता राखण्याचं बंधपत्र, म्हणजे आपल्याकडची 'चॅप्टर केस', हाही मार्ग आहे. त्याबद्दल ठाण्यात आपणहून विचारा.

तोवर घर आपणच सांभाळायचं. बहिणीने सिम आणि फोन दोन्ही बदलले, तरी ती कुठे आहे हे त्याला कळायचंच. त्याचं पूर्वी घरी येणं-जाणं होतं. शेवटी काकांच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं, तर तिथे एक अनोळखी ब्राउझर! फॅमिली ग्रुपवर ती 'पोचले गं' लिहायची, ते तो आरामात वाचत होता. (ब्राउझर लॉगआउट करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तो पुरावा आहे.)

म्हणून एका फोनवर थांबू नका, आजीचाही तपासा. गूगल अकाउंटमधली 'युअर डिव्हाइसेस' यादी, मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, ॲक्सेसिबिलिटी परवानगी घेतलेली अनोळखी ॲप्स. कॉल फॉरवर्डिंग *#२१# ने दिसतं, ##००२# ने बंद होतं. भावंडांच्या स्टोरीतलं लोकेशनही आलंच त्यात.

ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या; रिपोर्ट करताना चॅट डिलीट होऊ शकतं. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर आणि तारीख दिसू दे. मूळ फोन रीसेट करू नका, विकू तर नकाच. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइल क्रॉप केली तरी हॅश बदलते, म्हणून मूळ प्रत तशीच ठेवून कॉपीवर काम करा.

ठाण्याने हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर मागा. नोंदवलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते. शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. १९३० हा नंबर ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. तो दारात येऊन उभा राहिला, तर ११२.