पार्कसाइडला थांबलेली गाडी

टिटवाळ्याच्या अलीकडे लोकल सिग्नलला खोळंबली की दोन-चार जण तरी दारातून खाली उडी मारून रुळांतून चालू लागतात. त्यांच्यासाठी 15 सप्टेंबर 1830 चा हा दिवस मांडतो आहे. त्या दिवशी विल्यम हस्किसन नावाचे खासदार असेच थांबलेल्या गाडीतून उतरले होते.

सकाळी 10.40

लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन. तोफ झाली आणि आठ गाड्या निघाल्या. एका मार्गावर एकटी पंतप्रधान वेलिंग्टन यांची खास गाडी, शेजारच्या मार्गावर एकामागून एक बाकीच्या सात. हस्किसन वेलिंग्टनच्याच गाडीत होते. साठ वर्षांचे, नुकतंच मूत्रविकाराचं ऑपरेशन झालेलं. तरी ते आले, कारण ही रेल्वे त्यांच्या मतदारसंघाची होती आणि तिच्यासाठी त्यांनी संसदेत आपलं वजन खर्ची घातलं होतं.

तरुणपणी पॅरिसमध्ये राज्यक्रांती डोळ्यांदेखत पाहिलेला हा माणूस 1796 मध्ये खासदार झाला. 1823 पासून चार वर्षं ब्रिटनचं व्यापार खातं त्यांच्याकडे होतं. आयातीवरचे कर त्यांनी उतरवले, जहाजवाहतुकीवरची जुनी बंधनं सैल केली. खुल्या व्यापाराचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव मी फार वर ठेवीन. मात्र मे 1828 मध्ये वेलिंग्टनशी बिनसलं. हस्किसननी मंत्रिपदाचा राजीनामा लिहिला आणि तो लगेच स्वीकारला गेला. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली.

बाराच्या सुमारास

पार्कसाइड. इंजिनात पाणी भरायला गाडी थांबली. खाली उतरू नका, अशी सूचना आधीच दिलेली होती. तरी सुमारे पन्नास जण पाय मोकळे करायला उतरले. शेजारच्या रुळावरून दोन गाड्या सुखरूप पुढे गेल्या, तेव्हा सगळेच निर्धास्त झाले.

हस्किसन वेलिंग्टनच्या डब्यापाशी गेले. दोन वर्षांचा अबोला मिटवायचा होता. वेलिंग्टननी हात पुढे केला, दोघांनी हस्तांदोलन केलं.

त्यानंतरचे काही क्षण

ओरडा झाला. तिसरी गाडी येत होती, इंजिन ‘रॉकेट’. त्याला ब्रेक नव्हता. थांबवायचं तर चाकं उलटी फिरवायची, आणि त्याला वेळ लागे. लोक बाजूला पळाले. ऑस्ट्रियाच्या राजदूताला कुणी तरी वर डब्यात ओढून घेतलं. हस्किसन गोंधळले, रूळ ओलांडायला गेले, परत फिरले. त्यांच्यासोबतचे खासदार होम्स डब्याला पाठ लावून अंग चोरून उभे राहिले आणि वाचले. हस्किसननी डब्याचं दार धरलं. दार बाहेरच्या बाजूला उघडलं आणि त्यांच्यासकट थेट रॉकेटच्या वाटेवर गेलं. त्यांचा पाय चाकांखाली चिरडला.

दुपार

लॉर्ड विल्टननी पायाला पट्टा आवळून रक्त रोखायचा प्रयत्न केला. या रेल्वेचे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांनी वेलिंग्टनच्या गाडीचं इंजिन सोडवून घेतलं आणि जखमी हस्किसनना घेऊन ते भरधाव एकल्स गावाला पोचले. तिथे पाद्र्याच्या घरी डॉक्टर आले. पाय कापण्याचं ऑपरेशन हे शरीर सोसणार नाही, असं त्यांचं मत पडलं. हस्किसननी मृत्युपत्रात भर घातली. पत्नी एमिली जवळ होती.

रात्री नऊच्या सुमारास

हस्किसन गेले.

साडेबावीस वर्षांनी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणला आली, मग टिटवाळ्यावरून वाशिंदकडे गेली. आजच्या इंजिनांना ब्रेक आहेत, पण वेगातली मेल ब्रेक लावल्यावरही कित्येकशे मीटर पुढे येते, आणि अप-डाऊन रूळ शेजारी-शेजारीच आहेत. एक गाडी नीट निघून गेली म्हणून मागून दुसरी येत नाही, असं समजू नका. लोकल थांबली तर आत बसून राहा. स्टेशनात उतरलात की जिना चढा, पुलावरून जा.