धान्य वाहणाऱ्यांची वाट

तुम्ही औरंगाबादच्या दिल्ली दरवाज्याबाहेर उभे आहात. अठराव्या शतकाचा मध्य. कन्नडच्या घाटाकडून धुळीचा लोट येतोय. आधी घंटा ऐकू येतात, मग कवड्यांनी सजवलेला म्होरक्या बैल दिसतो आणि त्याच्यामागे, नजर पोचेल तिथवर, पाठीवर गोण्या टाकलेले बैलच बैल. लमाणांचा, म्हणजे बंजाऱ्यांचा, तांडा. गाडी एकही नाही. घाटात चाक अडतं, बैल अडत नाही. शिवाय तो वाटेत चरतो, त्यामुळे वैरणीचा खर्च धान्याच्या भावावर चढत नाही. चाल मात्र दिवसाला दहा-अकरा किलोमीटर. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तरेत असाच १४ हजार बैलांचा तांडा भेटला होता. फौजा आणि शहरं, दोन्ही या चालीवर जेवत.

एका गोणीमागून पाणचक्कीपर्यंत चला. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून मैलोन्‌मैल येऊन पात्यांवर आदळतंय, वर जातं फिरतंय. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ पडतंय. हात लावा, ऊन आहे.

विसावं शतक उजाडता उजाडता मनमाडहून निजामाची रेल्वे येते. तांड्यांचा धंदा बसतो. ज्यांनी दख्खनला धान्य पोचवलं, त्यांच्यातल्या अनेकांवर सरकार ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारतं. हा अन्याय इतिहासाच्या पुस्तकांत रेल्वेच्या कौतुकाखाली दबून गेलाय.

१९७२. विहिरी कोरड्या, धान्याचा मोंढा ओस. परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मुंबईकडून ब्रॉडगेजने मनमाडपर्यंत येतो, पण पुढचे रूळ मीटरगेज; म्हणजे पोतं न्‌ पोतं हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत. त्या पाठींची नोंद कुठे नाही. रेशनच्या रांगेत तुमच्या पुढची बाई म्हणते, “याची भाकरी थापताना तुटती, बाई. पण लेकरं खातेत.” दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी वाटली जातेय. आणि या साऱ्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, ते मुख्यमंत्री वसंतराव नाईक बंजारा समाजातलेच.

आता आजच्या काळात परत या. दिवाळी सरलीय. जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे टेम्पो रिकामे होताहेत. त्याच वेळी मराठवाड्यातल्या तांड्यांवर, म्हणजे लमाणांच्या आताच्या वस्त्यांवर, ट्रक भरताहेत: कोयते, भांडी, लेकरं आणि ज्वारी-बाजरीची पोती. ऊसतोडीला निघालेल्या घरांची ही शिदोरी आहे, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पुरवायची.