चार इंचांचा नियम : कासव चावले त्याची गोष्ट

"डॉक्टर, कासव चावलंय. आता पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील का?"

सहा वर्षांच्या मुलाचे बोट माझ्यापुढे धरून आईने विचारले. बोटावर चिमटा काढल्यासारखा लाल वळ होता, कातडी जेमतेम खरचटली होती. दोन आठवड्यांपूर्वी आणलेले, बिस्किटाएवढे पिल्लू. हातात घेतले की चावते, ही तक्रार.

आधी त्या आईचे उत्तर देतो. पोटातली इंजेक्शने केव्हाच बंद झाली, आणि कासवाच्या चाव्याने रेबीज होत नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडते. त्याला दात नसतात, शिंगासारखी कठीण चोच असते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, एवढे पाहायचे. या मुलाचा पाच वर्षांचा डोस झालेला होता.

मग मी दोन प्रश्न विचारले. घरात आणखी कोण आहे? "याची चार महिन्यांची बहीण." कासवाचे पाणी कुठे ओतता? "स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये."

मला काळजी वाटली ती इथे. का, ते समजण्यासाठी साठ-सत्तर वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागेल.

प्लॅस्टिकचे ताडाचे झाड

१९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत स्वस्त वस्तूंच्या दुकानांत कासवाची पिल्ले खेळण्यांसारखी विकली जात. सोबत एक प्लॅस्टिकचे भांडे, त्यात छोटेसे बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचे ताडाचे झाड. कुत्रे परवडत नाही, मांजर घरमालकाला चालत नाही, तर मुलाला कासव घेऊन द्यायचे. ते भुंकत नाही, फिरायला न्यावे लागत नाही. बहुतेक पिल्ले रेड-इअर्ड स्लायडर जातीची असत. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही जात आपल्याकडच्या मत्स्यालयांच्या दुकानांतही मिळते. लुइझियाना राज्यात या पिल्लांची मोठी शेतीच उभी राहिली होती.

१९६०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले, की जुलाब आणि ताप घेऊन येणाऱ्या मुलांच्या घरी कासव असते. मुलाच्या शौचात आणि कासवाच्या पाण्यात एकच जंतू सापडत होता : साल्मोनेला.

हे नाव डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्याचे. जंतू प्रत्यक्षात वेगळा केला तो त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी, १८८५ साली, डुकरांमध्ये. आपला टायफॉइडही याच कुळातला. मात्र टायफॉइडचा जंतू माणसाकडून माणसाकडे येतो. कासवाचा साल्मोनेला कासवाच्या आतड्यात सुखाने राहतो. कासव आजारी पडत नाही, खाते-पिते, पोहते, आणि विष्ठेतून जंतू पाण्यात सोडत राहते. तेच पाणी त्याच्या पाठीला, पायांना आणि ते उचलणाऱ्या हाताला लागते.

१९७०च्या सुमाराचा अंदाज असा, की अमेरिकेतल्या शंभर घरांपैकी चार घरांत कासव होते, आणि त्यांच्यामुळे दरवर्षी सुमारे २ लाख ८० हजार लोकांना साल्मोनेलाची बाधा होत होती. देशातल्या अशा एकूण रुग्णांपैकी हे १४ टक्के. त्यांत मुलेच फार.

तपासणी का फसली?

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच झाला. पिल्ले तपासा, आणि जंतू नाहीत असा दाखला असेल तरच विका. १९७२ मध्ये तसा नियम आला, आणि तो फसला.

कारण कासव रोज जंतू सोडत नाही. आज तपासणी निर्दोष, आठवड्याने त्याच पिल्लाच्या पाण्यात जंतू. एकाच टाकीत शेकडो पिल्ले, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याला लागण. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणजे "काही नाही" असे नसते, हे मी पेशंटना रोज सांगतो. तेच कासवाच्या बाबतीत एका देशाला शिकावे लागले.

म्हणून १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेगळाच मार्ग धरला. कवचाची लांबी चार इंचांपेक्षा कमी असलेली कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी. चारच इंच का? मोठ्या कासवात जंतू नसतात म्हणून नव्हे. त्याच्यातही असतात. पण लहान मूल चार इंचांचे कासव तोंडात घालू शकत नाही, खेळण्यासारखे मुठीत धरून फिरू शकत नाही. कासव बदलता येत नव्हते, म्हणून मुलाचा त्याच्याशी येणारा संबंध बदलला. या एका नियमामुळे दहा वर्षांखालच्या मुलांमधली वर्षाला सुमारे एक लाख दुखणी टळली, असा नंतरचा अंदाज आहे.

जंतूंचा उलटा डाव

बंदीतून निर्यात वगळलेली होती. शेतकऱ्यांनी पिल्ले युरोप-आशियाकडे पाठवणे चालू ठेवले आणि अंडी जंतुमुक्त करण्यासाठी ती जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवू लागले. सुरुवातीला गुण आला. पुढे निर्यातीच्या पिल्लांमध्ये जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेला सापडू लागले. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागणाऱ्या प्रत्येकाला मला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

बंदी असूनही बाजारांत, रस्त्याकडेला छोटी पिल्ले विकली जातच राहिली. २००७ मध्ये फ्लोरिडात अवघ्या काही आठवड्यांची मुलगी साल्मोनेलाने दगावली. तिच्या रक्तातला जंतू आणि घरातल्या छोट्या कासवातला जंतू एकच निघाला. इतके लहान बाळ काही कासवाशी खेळत नाही. मोठ्यांच्या हातांवरून, भांड्यांवरून जंतू बाळापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून मी सिंकबद्दल विचारले होते.

आता तुमच्या घरातले पिल्लू

पिल्लू चावते ते रागाने नव्हे. निसर्गात त्याला वरून उचलणारा म्हणजे बगळा, नाहीतर कावळा. वरून हात आला की त्याला मरण दिसते. कधी बोटाला खाण्याचा वास असतो आणि ते बोटालाच घास समजते. त्यामुळे "हाताळून माणसाळवू" हा उपाय चुकीचा आहे. कासव पाहायचे असते, कुरवाळायचे नसते. खाणे चिमट्याने द्या, हलवायचे तर छोट्या जाळीने किंवा डब्याने. चावून धरलेच तर ओढू नका. हात पाण्यात टेकवा, ते बहुधा आपण होऊन सोडते. हात कमी लावला की चावेही कमी आणि जंतूही कमी.

- हात लावल्यावर, पाणी बदलल्यावर साबणाने हात धुवा. मुलाचे हात मोठ्यांनी धुवून द्या.
- पाणी संडासात ओता. टाकी, जाळी, ब्रश स्वयंपाकघरात आणू नका.
- पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेले कुणी घरात असेल, तर कासव न ठेवणेच बरे.
- संपर्कानंतर काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत जुलाब, ताप, पोटात मुरडा सुरू झाला तर डॉक्टरांना "घरी कासव आहे" हे आवर्जून सांगा. बहुतेकांना ओआरएस पुरते. पण शौचात रक्त, उतरत नसलेला ताप, लघवी कमी होणे किंवा तान्हे बाळ आजारी असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका. हे पिल्लू फूटभर वाढते, वीस-तीस वर्षे जगू शकते आणि आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास काढून घेते. वनविभागाला किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारा. भारतीय जातीचे असेल, तर ते पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

त्या आईने आठवड्याभरात कासव एका संस्थेकडे दिले. मुलगा दोन दिवस रुसला होता म्हणे. रुसवा गेला. बहीण ठणठणीत आहे.